काकवीचा वास: सतरा वर्षांच्या सेडानमधून सातारा ते कन्याकुमारी

गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की वाचणाऱ्यांचे दोन तट पडतात. एक म्हणतो असल्या गाड्या घ्यायच्याच नसतात, दुसरा म्हणतो गाडी सोन्यासारखी, मिस्त्रीच कच्चा. मूळ मुद्दा राहतो बाजूला. तेव्हा कामापुरतं सांगतो: युरोपियन बनावटीची बुटकी सेडान, 1.8 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, पाच गिअर, एमएच 11 पासिंग, नोंदणी 2008 ची. पंधरा वर्षं भरल्यावर 2023 मध्ये आरटीओत तपासणी करून, पर्यावरण कर भरून पुढच्या पाच वर्षांचं नूतनीकरण करून घेतलं. मी तिसरा मालक. निघताना मीटरवर 1,94,612 किलोमीटर होते.

बेत जानेवारी 2025 चा. सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळूर, सेलम, मदुराई, कन्याकुमारी आणि त्याच वाटेने परत. जाऊन-येऊन साधारण 2,800 किलोमीटर. गाडीत मी, बायको आणि अण्णा. अण्णा म्हणजे माझे वडील, एसटीत 31 वर्षं चालक. आयुष्यभर लोकांना देवाधर्माला नेऊन सोडलं, स्वतःला मात्र कन्याकुमारी बघायची राहिली होती. बायकोचं म्हणणं होतं की तिच्या भावाची दोन वर्षांची एसयूव्ही मागून घ्यावी. मी ऐकलं नाही. अशी गाडी दारात ठेवून चौपदरी रस्त्यावर दुसऱ्याची गाडी न्यायची म्हणजे घरात पेढे असताना शेजारी साखर मागण्यासारखं आहे. (हा युक्तिवाद पुढे मला बराच महागात पडला.)

जुन्या गाडीची भीती लोकांना किलोमीटरची वाटते. मला ती वर्षांची वाटते. हायवेवर एका लयीत पळालेले दोन लाख किलोमीटर इंजिनाला फारसे झोंबत नाहीत. झोंबतो तो काळ. रबर कडक होतं, प्लास्टिक उष्णतेने ठिसूळ होतं, ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. गाडी पोर्चमध्ये झाकून ठेवली तरी यातलं काही थांबत नाही.

या हिशोबाने तयारीत पहिला नंबर टायमिंग बेल्टचा, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवणाऱ्या पट्ट्याचा. आधीचा बेल्ट 2017 मध्ये 1,12,000 वर बदललेला. किलोमीटर अजून शिल्लक होते म्हणता आलं असतं, पण आठ वर्षं झाली होती आणि या इंजिनात बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह थेट पिस्टनवर आदळतात. म्हणजे वाटेत बंद पडणं नाही, इंजिनच गेलं. बेल्टसोबत त्याला ताणून आणि वाटेवर धरणाऱ्या पुल्या (टेन्शनर, आयडलर) आणि वॉटर पंपही बदलायचे ठरले, कारण पंप त्याच बेल्टवर फिरतो आणि तो उद्या गळायला लागला तर सगळं पुन्हा उघडावं लागतं. पंप काढायचा तर कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, काढणं आलं आणि होज पाइपही सुटे करणं आलं. हे इथेच नोंदवून ठेवतो.

टायर दिसायला छान होते, नक्षी पाच मिलिमीटरच्या वर. पण बाजूवरचा चार आकडी शिक्का 2317 म्हणत होता, म्हणजे 2017 सालचा तेविसावा आठवडा. साडेसात वर्षांच्या टायरवर तमिळनाडूच्या तापल्या रस्त्याने दिवसभर शंभरने पळायचं धाडस माझ्यात नाही. चारही बदलले. ब्रेक ऑइल, इंजिन ऑइल आणि प्लग नवे. ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या काळजीने इंजिनजवळच्या इंधनाच्या रबरी नळ्याही बदलल्या. डिकीत एक जादा इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी), एक लिटर ऑइल, दोन लिटर तयार कूलंट, हातमोजे, पान्हे आणि गाडीच्या संगणकातले आकडे मोबाइलवर दाखवणारा ओबीडी स्कॅनर.

गाडी सोमवारी एमआयडीसीतल्या मिस्त्रीकडे टाकली. अट एकच, गुरुवारी संध्याकाळी मिळाली पाहिजे. मिळाली. शुक्रवारी सकाळी बोनेट उघडलं तर कूलंटची पातळी टाकीवरच्या खुणेपासून बोटभर खाली. मिस्त्रीला फोन केला. तो म्हणाला, "साहेब, आतली हवा निघाली असंल. नवीन पाणी भरलं की एवढं उतरतंच." हे खरं आहे. कूलिंगचं काम केल्यावर आत अडकलेली हवा पहिल्या एक-दोन फेऱ्यांत बाहेर पडते आणि पातळी उतरते. पण बारीक गळती असली तरी पातळी अशीच उतरते. दोन्हींत फरक करायचा तर पुन्हा भरून चार दिवस गाडी चालवावी लागते. माझ्याकडे एक दिवस होता आणि त्यातही बॅगा भरायच्या होत्या. बोटभर कूलंट ओतलं आणि झाकण लावलं.

शनिवारी पहाटे पावणेपाचला निघालो. तासवडे, कराड, पेठ नाका, किणी. थंडीत टर्बो गाडी जी पळते ती पळू लागली. थंड हवा दाट असते आणि इंजिनाला ते कळतं. चौथ्या गिअरला ट्रक मागे टाकताना पाठ सीटला टेकते तो क्षण माझ्या मते या गाडीच्या सगळ्या खर्चाची वसुली आहे. कोल्हापूर उजाडता उजाडता मागे पडलं. कोगनोळी नाका ओलांडून निपाणीत चहा झाला.

तवंदी घाट चढताना अण्णा मागच्या सीटवरून म्हणाले, "कसला रे वास? काकवी उकळल्यागत."

"अण्णा, जानेवारी आहे. गुऱ्हाळं चालू आहेत."

"गुऱ्हाळाचा वास खिडकीतनं येतो. ह्यो पंख्यातनं येतोय."

"खिडक्या बंद आहेत. वास पंख्यातूनच येणार ना?"

या उत्तरावर मी खूश होतो. कागलपासून निपाणीपर्यंत उसाचा मुलूख, गाळपाचा हंगाम, रस्त्यावर ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या. काकवीच्या वासाला याहून चांगलं कारण कुठलं मिळणार? पण कूलंटमधलं इथिलिन ग्लायकॉलही गोडसरच वास मारतं, हे मला माहीत होतं. माहीत असूनही आठवलं नाही, कारण आठवायला नको होतं. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा बरोबर मध्यावर, 90 वर, खिळ्यासारखा उभा होता.

त्या काट्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण त्याने पुष्कळांना फसवलं आहे. बऱ्याच युरोपियन गाड्यांत तो खरं तापमान दाखवत नाही. इंजिन साधारण 75 ते 105 अंशांत कुठेही असलं तरी काटा 90 वरच ठेवायचा असं आतल्या प्रोग्रॅममध्येच असतं, चालकाने उगाच घाबरू नये म्हणून. तो हलतो तेव्हा वेळ निघून गेलेली असते. खरा आकडा स्कॅनरवर दिसतो. माझा स्कॅनर त्या वेळी डिकीत, कपड्यांच्या बॅगेखाली होता.

बेळगाव गेलं, कित्तूर गेलं, धारवाडही गेलं. बाहेर काळी माती, ज्वारी, मध्येच कपाशी. ऊस संपला होता आणि वास तसाच होता. अण्णा काही बोलत नव्हते, त्यांनी फक्त काच खाली केली आणि थोड्या वेळाने वर केली. बायको म्हणाली, "अहो, मामा म्हणतात त्यात काहीतरी असेल. थांबवा एकदा."

हुबळीच्या पुढे थांबलो. गाडीखाली थेंब नव्हता. बोनेट उघडलं तर टाकीतली पातळी किमान खुणेला टेकलेली. स्कॅनर काढून लावला. उभ्या गाडीत 98. निघाल्यावर शंभरच्या वेगाला 93, म्हणजे ठीक. बंकापूरच्या टोलनाक्यावर रांगेत उभं राहिल्यावर 101, 103, 104. काटा अजूनही 90 वर. हावेरी ओलांडून ब्याडगीच्या फाट्याच्या अलीकडे डॅशबोर्डवर लाल दिवा लुकलुकला आणि तीनदा बीप वाजला. कूलंट कमी. स्कॅनरवर 108. मी गाडी कडेला घेऊन बंद केली. सातारा सोडून 400 किलोमीटर झाले होते.

इथपर्यंत माझं जे चुकलं ते चुकलं, पण गाडी तिथल्या तिथे बंद केली हे बरोबर झालं. या इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचा भाग, अॅल्युमिनियमचं आहे. ते जास्त तापलं की वाकतं, त्याखालची सीलची पट्टी म्हणजे हेड गॅसकेट जातं आणि दीड हजाराचं दुखणं लाखावर जातं. पुढचं गाव पाच किलोमीटरवर आहे, तेवढं जाऊ या, असं म्हणून लोक इंजिन घालवतात.

पाऊण तास बोनेट उघडं ठेवून बसलो. पलीकडच्या खळ्यावर ब्याडगी मिरची वाळत घातली होती, लांबून शेताला लाल गालिचा घातल्यासारखी, आणि वारा फिरला की तिघेही शिंकत होतो. झाकण कुणी गरम असताना उघडू नये. साधं पाणी शंभरला उकळतं. कूलंट मिसळून बंद झाकणाच्या दाबाखाली तेच सव्वाशेच्या पुढे गेल्याशिवाय उकळत नाही. झाकण काढलं की दाब जातो आणि सगळं एकदम उकळून तोंडावर येतं. एसटीच्या रेडिएटरने भाजलेला जुना डाग अण्णांच्या मनगटावर आहे. त्यांना हे सांगावं लागलं नाही.

गार झाल्यावर टॉर्च घेऊन शोधलं आणि सापडलं. इंजिनाच्या बाजूला एक काळा प्लास्टिकचा फ्लँज बोल्टने बसवलेला असतो. त्याच्या तोंडावर मोठा होज पाइप चढतो. त्या तोंडाच्या बुडाशी गुलाबी-पांढरी खरवड जमली होती, दुधाच्या भांड्याला धरते तशी. नखाने खरवडली तर खाली केसाएवढी चीर. इंजिन गार असताना चीर मिटलेली, गरम होऊन दाब आला की उघडणारी. बाहेर येणारं कूलंट तापल्या इंजिनावरच वाफ होऊन जायचं, म्हणून खाली थेंब नाही, नुसता वास.

आणि पाइपवर चकचकीत नवी स्क्रूची क्लिप.

कंपनीकडून या जागी स्प्रिंगची क्लिप येते. ती दिसायला बावळट असते आणि काढायला वेगळी पक्कड लागते, पण तिचं काम हुशारीचं आहे. गरम झाल्यावर प्लास्टिक आणि रबर फुगतात, गार झाल्यावर आकसतात, आणि स्प्रिंग दोन्ही वेळा सारख्याच जोराने धरून ठेवते. स्क्रूची क्लिप आवळली तिथेच राहते. आतला भाग फुगला की तिला सैल होता येत नाही, ती आणखी रुतते. सतरा वर्षं भाजून निघालेल्या प्लास्टिकवर ती स्क्रूड्रायव्हरने पिळून आवळली की काय होणार ते समोर होतंच.

म्हणजे बेल्ट-पंप नवे, त्यांत दोष नाही. फ्लँज जुना, पण सोमवारपर्यंत तो गळत नव्हता. बिघाड झाला तो नव्या कामाचा हात जुन्या भागाला लागला तिथे. "जुनी गाडी आहे, होणारच" हे उत्तर जितकं सोपं तितकंच आळशी. हीच गाडी तशीच नेली असती तर त्या दिवशी बहुधा बंगळूरला पोचलो असतो. वाटेत बेल्टही तुटला असता कदाचित, ते वेगळं.

आता काय करायचं यावर रस्त्याच्या कडेला वाद झाला. मी म्हणालो 1033 ला, महामार्गाच्या मदत क्रमांकाला फोन करून गाडी उचलून न्यायची. अण्णा म्हणाले, "झाकण अर्धा आटा ढिलं ठेव. दाब झाला न्हाई तर चिरीतनं जाईल कशाला? हीटर फुल लाव आन् साठच्या वर जाऊ नको." तर्क बरोबर होता. दाब नाही तर गळती नगण्य. पण दाब नाही म्हणजे उकळी लवकर, म्हणून इंजिनावर भार द्यायचा नाही. हीटर हा छोटा रेडिएटरच असतो, तो चालू ठेवला की तेवढीच उष्णता बाहेर जाते, भले ती आपल्या गुडघ्यांवर का येईना. शेवटी ठरलं की स्कॅनर बायकोच्या हातात, ती आकडा वाचत राहणार आणि 100 दिसला की थांबायचं.

डिकीतलं दोन लिटर कूलंट ओतलं. दुपारचा एक, पायाशी भट्टी, काचा खाली, आणि बायको आकाशवाणीच्या निवेदिकेसारखी "ब्याण्णव... चौऱ्याण्णव... ब्याण्णव" वाचतेय. वीसेक किलोमीटरला पाऊण तास लागला. एकदा 99 दिसला तेव्हा थांबून बाटलीतलं पिण्याचं पाणी अर्धा लिटर घातलं. राणेबेन्नूर आलं.

तिथल्या ज्या मिस्त्रीकडे पोचलो तो ट्रॅक्टर आणि पिकअप दुरुस्त करणारा. असा फ्लँज त्याने आधी पाहिलेला नव्हता. पण अण्णांना मिरजेपलीकडच्या गाड्यांवर काढलेल्या वर्षांमुळे मोडकंतोडकं कन्नड येतं आणि दोघांचं जमलं. त्याने फ्लँज काढून हातात फिरवला, दिव्यासमोर धरला आणि शेजारच्या लेथवाल्याकडे घेऊन गेला. लेथवाल्याने पितळेची पातळ बाही कातली, फ्लँजच्या तोंडात आतून बरोबर बसेल अशी. बाहीला आणि चिरेला एपॉक्सी लावून ती दाबून बसवली. वरून त्याच्याकडच्या भंगारात मिळालेली स्प्रिंगची क्लिप. "रात्रभर हात लावायचा नाही" हे त्याने खुणेनेच सांगितलं. लेथचे आणि मजुरीचे मिळून नऊशे रुपये झाले. मी हजार दिले तर शंभर परत केले.

रात्री लॉजवर खरा प्रश्न आला: पुढे जायचं की मागे? मागे सातारा 420 किलोमीटर, पुढे बंगळूर 300. बंगळूरच्या जेसी रोडवर जुन्या-नव्या गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं ओळीने आहेत, तिथे नवा फ्लँज मिळण्याची शक्यता साताऱ्यापेक्षा जास्त. शिवाय तापमान 108 च्या वर गेलेलं नव्हतं. सकाळी ऑइलची पट्टी काढून पाहिली, दुधट रंग नाही. सायलेन्सरमधून पांढरा गोड धूर नाही. टाकीत बुडबुडे नाहीत. हेड गॅसकेट शाबूत असल्याच्या या खुणा. पुढे जायचं ठरलं, पण ऐंशीच्या वर नाही आणि दर शंभर किलोमीटरला बोनेट उघडायचं. रविवारी दुकानं बंद, म्हणून एक दिवस बंगळूरमध्ये काढला. सोमवारी फ्लँज, त्याची रबरी रिंग आणि दोन स्प्रिंग क्लिपा मिळून 1,950 रुपये. बसवणाऱ्याने आधी टाकीच्या तोंडाला हातपंपाचा प्रेशर टेस्टर लावला, दीड बार दाब भरला आणि चहा प्यायला गेला. परत येऊन बघतो तर काटा तिथेच. हे दहा मिनिटांचं काम साताऱ्यात झालं असतं तर हे प्रकरण लिहावं लागलं नसतं.

पुढचा प्रवास चटकन सांगतो, कारण गाडीने सांगण्यासारखं काही केलं नाही. सेलम, मदुराई, तिरुनेलवेली. मुप्पंदलच्या खिंडीत पवनचक्क्यांचं रान लागलं तेव्हा अण्णा म्हणाले, "आपल्या चाळकेवाडीचा थोरला भाऊ." कन्याकुमारीला सूर्योदय ढगात गेला. अण्णांचं काही अडलं नाही, ते पाण्यात पाय सोडून तासभर बसले. परतीला कृष्णगिरीच्या आसपास इंजिन मिसिंग करू लागलं आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला. दिवा नुसता पेटला तर घरी जाता येतं. लुकलुकला तर थांबायचं, कारण न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याची वाट लावतं. स्कॅनरने पी0303 दाखवलं, तिसरा सिलिंडर. जादा कॉइल होतीच. बारा मिनिटांत बदलली. सगळ्या फेरीत ऑइल सव्वा लिटर खाल्लं, सरासरी 13.6 चं पडलं. या वयाला दोन्ही चालतं.

साताऱ्यात आल्यावर चिरलेला फ्लँज घेऊन मिस्त्रीकडे गेलो. मनात चांगलं दोन-चार वाक्यांचं भाषण तयार होतं. त्याने फ्लँज बघितला, पितळेच्या बाहीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "काम झकास केलंय हो त्यानं." मी क्लिपेचं विचारलं. तो मान खाली घालून म्हणाला की मूळची स्प्रिंग क्लिप गंजून ढिली पडली होती, तशी दुसरी हाताशी नव्हती, वेळ नव्हता, म्हणून स्क्रूची टाकली आणि गळू नये म्हणून जरा जास्तच आवळली. चूक कबूल.

मग तो आत गेला आणि माझं जॉब कार्ड घेऊन आला. ऑइलचे डाग पडलेला गुलाबी कागद. बेल्ट, टेन्शनर, पंप, प्लग, सगळ्यांपुढे बरोबरच्या खुणा. शेवटची ओळ त्याच्या अक्षरात: "प्लास्टिक फ्लँज + क्लिपा, पुण्याहून मागवणे, 2 दिवस." तिच्यावर आडवी रेघ. आणि खाली निळ्या पेनाने, माझ्या अक्षरात: "नको. शनिवारी पहाटे निघायचंय."